सभेला जाणारा प्रत्येक माणूस भाड्याचा नसतो

मानेवाडा रोडवाली
परवा इथे धरमपेठकर यांनी लिहिलं: "मानेवाड्यात महापालिका निवडणुकीची सभा पाहिली. अर्धे पाचशेच्या नोटेवर आलेले भाड्याचे, अर्धे फोटोसाठी धडपडणारे रिकामटेकडे. शहाण्यानं जाहीरनामा वाचावा, घरी बसावं, १५ तारखेला मत द्यावं." त्या सभेत मी होते. मागच्या रांगेत, सासूबाईंना घेऊन. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

नागपूर महापालिकेला आपण शेवटचं मत दिलं फेब्रुवारी २०१७ मध्ये. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, तेव्हापासून प्रशासक. १५१ नगरसेवकांचं शहर आणि जवळपास चार वर्षं एकही नगरसेवक नाही. नालीचं झाकण तुटलं की महापालिकेच्या झोन ऑफिसमध्ये जायचं, तिथे साहेब मीटिंगला गेलेले असायचे. आता ३ जानेवारी २०२६ ला चिन्हं मिळाली, १५ ला मतदान. एवढ्या दहा-बारा दिवसांत मत मागणारा माणूस माझ्या गल्लीत पायी येऊन राहिला आणि मी घरात बसून जाहीरनामा वाचू? जाहीरनाम्यात माझं गेट नाही.

आमच्या घरासमोर सिमेंट रोड झाला तो आमच्या ओट्याच्या वर गेला. तेव्हापासून दर पावसाळ्यात पाणी पोर्चमधून हॉलमध्ये. सासूबाईंचा पलंग विटांवर चढवलेला आहे. सभा संपल्यावर उमेदवार पदयात्रेनं आमच्या गल्लीत आला. आवाज बसलेला, कपाळावर औक्षणाच्या कुंकवाचा थर वाळून तडकलेला, भुवईत तांदळाचा दाणा अडकलेला. मी औक्षणाचं ताट आणलं नव्हतं, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचा फोटो आणला होता. म्हटलं, भाऊ, आधी हे पाहा. तो आत आला, खाली बसला आणि भिंतीला हात लावून वितीनं मोजलं. दोन विती आणि चार बोटं. मग म्हणाला, "ताई, रस्ता आता खाली नेता येणार नाही. तसं कोणी म्हणत असेल तर खोटं बोलून राहिला. कडेनं नाली काढून पाणी मागच्या नाल्यात सोडता येईल, पण मागच्या दोन प्लॉटवाल्यांनी हो म्हटलं पाहिजे."

मत मागायला आलेला माणूस "होणार नाही" म्हणाला, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ते घरी बसून ऐकू आलं नसतं. मला रिकामटेकडी म्हणू नका.

धरमपेठकर
ताई, तुमचा अपमान करायचा नव्हता. पण तुम्ही जे सांगितलं त्यानं माझंच म्हणणं खरं ठरते. एक माणूस खाली बसला, वीत लावली आणि तुम्ही भारावल्या. २०१७ ला आमच्याकडे आलेल्या उमेदवारानं माझ्या वडिलांच्या पाया पडून आशीर्वाद घेतला. वडील आठवडाभर सगळ्यांना सांगत होते. पुढच्या वर्षी ते आजारी असताना गल्लीतला खोदलेला खड्डा बुजवून घ्यायला, रुग्णवाहिका आत यावी म्हणून, मी त्याच माणसाला फोन लावले. पंधरा दिवसांत एकदाही उचलला नाही. स्ट्रेचर मुख्य रस्त्यापर्यंत हातावर न्यावं लागलं. पाया पडणं आणि वीत लावणं यात मला काही फरक दिसत नाही.

आणि प्रभागात अ, ब, क, ड अशा जागांवर चार जण निवडून द्यायचे. त्यानं नाही केलं तर तो म्हणेल, ते काम 'ब'वाल्याकडे होतं. मग कोणाला धरणार?

बिछायत केंद्र, सक्करदरा
माझा धंदा मंडप-खुर्च्यांचा, बावीस वर्षं झाली. भाड्याची गर्दी मी मंचाकडे न पाहता सांगतो. ती एकदम येते, एकदम उठते, कारण गाडी एक असते. खुर्ची जिथे ठेवली तिथेच राहते. गल्लीतला माणूस आला की पहिलं काम खुर्ची ओढतो: शेजारणीजवळ, झाडाखाली, स्वतःच्या गेटजवळ. सभा संपल्यावर माझ्या पोरांना खुर्च्या गोळा करायला तासभर लागला म्हणजे माणसं खरी होती. मानेवाड्याच्या सभेत माझ्याच खुर्च्या होत्या. पुढच्या चार रांगा आणलेल्या, मागच्या सगळ्या ओढलेल्या. दोघंही अर्धे-अर्धे बरोबर आहात.

माझं दुःख वेगळं आहे. निवडणूक खर्चात खुर्चीचा, चहाचा दर ठरलेला असतो, व्हिडिओवाला येऊन मोजून जातो. म्हणून मागच्या एका निवडणुकीत तीनशे खुर्च्या लावल्या तर मला म्हणाले बिल शंभराचं दे, बाकीचं नंतर पाहू. तो माणूस हरला. बाकीचं अजून पाहूनच राहिलो. पोरांची मजुरी मी घरातून दिली.

लेव्हल
मी रस्त्यांच्या कामावर तीस वर्षं काढली, म्हणून मानेवाडावाल्या ताईंना सांगतो. उमेदवार बरोबर बोलला, पण अर्धंच. सिमेंट रोडमध्ये खाली डीएलसीचा, म्हणजे कोरड्या, कमी सिमेंटच्या काँक्रीटचा थर, त्यावर वीस-पंचवीस सेंटिमीटर काँक्रीट. जुना डांबरी रस्ता खोदून तेवढी जागा केली नाही तर रस्ता वर चढणारच. खोदायला पैसा आणि वेळ लागतो, खाली पाण्याच्या लाइनी असतात, म्हणून ठेकेदार टाळतो आणि कोणी विचारत नाही. दोष सिमेंटचा नाही. आपल्याकडे काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. डांबर तिच्यावर किती पावसाळे टिकलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. काम सुरू व्हायच्या आधी घरांच्या जोत्याची पातळी नोंदवायला लावा. सभेत विचारायचा प्रश्न तो आहे.

अंबाझरी लेआउट
दोष सिमेंटचा नाही? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तुम्ही कुठे होता? काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी घरात. मी आईला पाठीवर घेऊन वरच्या मजल्यावर नेलं. फ्रीज आडवा होऊन हॉलच्या दारात अडकला होता, दार उघडेना. सगळं शहर सिमेंटनं बंद करून ठेवलं, पाणी जमिनीत जाणार कुठून? मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते तेव्हा रात्री अकरा वाजता त्याच रस्त्यावर अनवाणी उभं राहून पाहा. तुमच्या सेंटिमीटरनं माझं घर कोरडं होत नाही.

लेव्हल
तुमच्या घरात पाणी तलावाच्या सांडव्यावरून आणि नदीच्या अडलेल्या पात्रातून आलं. सांडव्यासमोरच्या विवेकानंदांच्या पुतळ्याचा वाद हायकोर्टात गेला तो याच कारणानं. ते गल्लीतल्या रस्त्याशी जोडून राग माझ्यावर काढू नका. मी कोणाचं घर बुडवलं नाही. दोन वेळा चुकीच्या लेव्हलच्या कागदावर सही करायला नकार दिला आणि बदली घेतली. ती बदली माझ्या मुलीच्या बारावीच्या वर्षी झाली.

अंबाझरी लेआउट
सही नाकारली असेल तर तुमच्याबद्दल आदर आहे. पण सगळ्यांनी नाकारली नाही, म्हणून आम्ही बुडालो. नदीचा मुद्दा मान्य. उन्हाचा नाही.

इतवारी
राजेहो, वेगळा विदर्भ झाला असता तर ही वेळच आली नसती. विदर्भाला महाराष्ट्रात घेण्याचा नागपूर करार १९५३ चा. दर डिसेंबरला विधिमंडळाचं अधिवेशन येते, रस्ते रातोरात चकाचक होतात आणि अधिवेशन गेलं की…

धरमपेठकर
इतवारी काका, प्रत्येक चर्चेत विदर्भ आणू नका. इथे गल्लीच्या नालीचा प्रश्न चालू आहे.

इतवारी
तुला नाली वाटते, मला तेच मूळ वाटते. पण सभेचं सांगतो. १९७१ ला वेगळ्या विदर्भाचे नेते जांबुवंतराव धोटे इंदिराबाईंची लाट असतानाही काँग्रेसला हरवून नागपुरातून लोकसभेवर निवडून गेले. मी सहा वर्षांचा. वडील मला खांद्यावर बसवून सभेला नेत. खुर्च्या नव्हत्या, सतरंजी असली तं असली. वडील सूतगिरणीतून बारा तास करून आलेले असत, तरी शेवटपर्यंत उभे राहत. घरी परतताना रस्त्यात कोणी ना कोणी भांडायचं, हे बरोबर बोलला, हे चुकला. मला राजकारण त्या रस्त्यावर समजलं. आता डीजे एक तास, भाषण दहा मिनिटं. त्या बाबतीत धरमपेठकराशी मी सहमत. पण घरी बसा, हे मात्र कोणाला सांगू नको. घरी बसलेल्या माणसाला कोणी मोजत नाही.

रामबाग
पाचशेच्या नोटेबद्दल मला बोलायचं आहे. त्या पुढच्या चार रांगांत माझी आई होती. हो, तिनं पैसे घेतले. ती चार घरची धुणीभांडी करते. सभेसाठी संध्याकाळची दोन घरं सोडली, तर एका घरानं खाडा लावला. तिथून आल्यावर तिनं मला काय सांगितलं ते लिहिते: उमेदवार पाण्यावर बोलला, पट्ट्यांवर बोलला नाही. आमच्या वस्तीला मालकी पट्टे मिळायचे आहेत, तिला तेच ऐकायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पक्षाच्या सभेत ती पैसे न घेता गेली, तेच ऐकायला. तिथेही कोणी बोललं नाही. दोन्ही सभा शेवटपर्यंत ऐकलेली बाई आहे ती. धरमपेठकर, तुम्ही किती ऐकल्या?

मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, जाहीरनामे वाचते. आईला वाचता येत नाही. तिनं घरी बसून काय करायचं होतं?

धरमपेठकर
एकही नाही. त्या दिवशी गाडी थांबवून दहा मिनिटं पाहिली आणि गेलो. "भाड्याचे" हा शब्द मागे घेतो, रिकामटेकडेही. तुमच्या आईंना सांगा. पण पैसे वाटणाऱ्याबद्दल मी काही मागे घेत नाही, आणि वीत लावण्यावर माझा विश्वास अजून बसलेला नाही. ताई, तो निवडून आला आणि पावसाळ्याआधी नाली सुरू झाली तर मी स्वतः येऊन पाहीन आणि इथे लिहीन.

मानेवाडा रोडवाली
या. चहा करते. पण मी तोवर थांबलेली नाही. काल मागच्या दोन्ही प्लॉटवाल्यांकडे गेले. एक हो म्हणाले. दुसरे म्हणतात, पाणी माझ्याकडे वळलं तर? त्यांचंही चूक नाही. मला उत्तर देता आलं नाही. रामबाग, पट्ट्यांचा प्रश्न चिठ्ठीवर लिहून पाठव, १३ तारखेला प्रचार संपायच्या आत त्या उमेदवाराची एक कोपरा सभा आमच्याकडे आहे, मी उभी राहून विचारते. आईलाही घेऊन ये.

लेव्हल
दुसऱ्या प्लॉटवाल्यांचं उत्तर मोजूनच मिळेल. गवंड्याकडची पारदर्शक नळी आणा, वीसेक मीटर. पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक तुमच्या गेटवर, दुसरं नाल्याच्या काठावर, दोन्हीकडे पाणी जिथे थांबेल तिथे खूण करा आणि जमिनीपासून मोजा. नाल्याकडचं माप जास्त आलं तर उतार तिकडे आहे, पाणी त्यांच्या अंगणात शिरणार नाही. अंतर मोठं असेल तर टप्प्याटप्प्यानं करा. रविवारी सकाळी मी मोकळा आहे, सांगा तर येतो.

अंबाझरी लेआउट
त्यानंतर आमच्याकडेही या. उन्हाबद्दल भांडण बाकी आहे, पण नळी घेऊन या.