मदत हवी आहे: लिनक्स डेस्कटॉपसाठी देखभाल चालू असलेला आयआरसी (इंटरनेटवरील मजकुरी गप्पांची पद्धत) क्लायंट कोणता?

नमस्कार. सोलापुरातील आमच्या कार्यालयात डेबियन या लिनक्स प्रणालीवर हेक्सचॅट हा आयआरसी क्लायंट वापरतो. परंतु फेब्रुवारी २०२४ मधील २.१६.२ ही त्याची अखेरची आवृत्ती असल्याचे विकसकाने जाहीर केले असल्याने, यापुढेही सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतील असा पर्याय शोधणे भाग आहे. वीचॅट (WeeChat, चिनी WeChat नव्हे) उत्तमच, पण ते टर्मिनलमध्ये चालते आणि सहकाऱ्यांना माउसशिवाय करमत नाही. केडीई या डेस्कटॉप प्रकल्पाचे कॉन्व्हर्सेशन की रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेले हॅलॉय, यांपैकी लिबेरा चॅट या आयआरसी नेटवर्कवर ६६९७ या एन्क्रिप्टेड जोडणीच्या पोर्टवरून, सॅसल प्रमाणीकरणासह (जोडतानाच खात्याची ओळख पटवणे), कोणते अधिक सुरळीत चालते? आमच्याकडे केडीईऐवजी नोम हे डेस्कटॉप असल्याने कॉन्व्हर्सेशनसोबत केडीईची बरीच लायब्ररी ओढली जाईल, ते एकवेळ चालेल. मात्र ‘सिद्धेश्वर’ लिहिताना जोडाक्षर फुटता कामा नये आणि वीज जाऊन आल्यावर सर्व चॅनेल आपोआप जोडले जावेत. प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी कृपया सांगावे.