पेत्र आणि पौल यांचं आपसात खरंच जमत नव्हतं का?

शोधक_वाचक:
बायबलच्या नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये (सुरुवातीच्या चर्चचा वृत्तांत) आणि पौलाचं गलतीकरांस पत्र लागोपाठ वाचलं आणि गोंधळ झालाय. कृत्ये १५ मध्ये यरुशलेमला सगळे बसतात, पेत्र बोलतो, याकोब (येशूचा भाऊ, यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी) निकाल देतो, विदेश्यांमधून (म्हणजे यहूदी नसलेल्यांतून) आलेल्यांवर सुंतेची सक्ती नको असं ठरतं, पत्र लिहून अंत्युखियाला (सीरियातल्या शहरातल्या मंडळीला) पाठवतात, सगळं एकमताने. आणि गलती २ मध्ये पौल म्हणतो की मी केफाला (म्हणजे पेत्रालाच) अंत्युखियात सगळ्यांदेखत तोंडावर विरोध केला. मग हे दोघे सहकारी होते की विरोधक? आणि नंतर मिटलं का? भक्तीच्या अंगाने नको, इतिहासाच्या अंगाने सांगा प्लीज.

जुनी_पानं:
विरोधक म्हणणं मला पटत नाही. भांडण नक्की कशावरून झालं ते बघा, येशू कोण होता यावर नाही, जेवायला कुणासोबत बसायचं यावर. अंत्युखियात यहूदी आणि विदेशी विश्वासणारे एकत्र जेवत होते, पेत्रही त्यांच्यात बसायचा. मग याकोबाकडून काही लोक आले (कडक यहूदी विदेश्यांसोबत जेवणं टाळायचे) आणि पेत्र हळूहळू मागे सरकायला लागला, वेगळा राहायला लागला, त्याचं बघून बाकीचे यहूदीही उठले. आता विचार करा, ज्या घरात कालपर्यंत एकत्र भाकर मोडली तिथल्या विदेशी माणसाला काय वाटलं असेल, कुणी त्याला काही बोललं नाही, नियम काढला नाही, पण शेजारची जागा रिकामी झाली. पौलाचं म्हणणं हेच की तू स्वतः विदेश्यांसारखा राहतोस मग त्यांना यहूदी व्हायला का भाग पाडतोस.

आणि याच पत्रात थोडं आधी, गलती १ मध्ये, पौल सांगतो की तो मुद्दाम केफाला भेटायला यरुशलेमला गेला आणि त्याच्याकडे १५ दिवस राहिला. मग १४ वर्षांनी परत गेला तेव्हा याकोब, केफा, योहान या तिघांनी त्याच्याशी आणि बर्णबाशी हात मिळवले, तुम्ही विदेश्यांकडे जा आम्ही यहूद्यांकडे जातो, फक्त गरिबांची आठवण ठेवा. कामाची वाटणी झाली पण एकाच ताटाला दोन्हीकडचे बसले तर काय, हे ठरलंच नव्हतं, आणि गाडी नेमकी तिथेच अडकली.

किनारा२१:
सगळे पेत्राबद्दल बोलतात, मला त्या प्रसंगात बर्णबाचं जास्त वाईट वाटतं. पौल लिहितो की 'बर्णबासुद्धा' त्यांच्यासोबत ओढला गेला. हा तोच बर्णबा, कुप्र बेटावरचा लेवी, ज्याने शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवले, आणि छळ करणारा शौल (म्हणजे पौलच) आता शिष्य झालाय यावर यरुशलेमात कुणाचा विश्वास बसत नव्हता तेव्हा त्याला हाताला धरून प्रेषितांपुढे नेणारा पण हाच. पुढे तार्सला जाऊन त्याला शोधून अंत्युखियाला आणणाराही हाच. ज्या माणसामुळे पौलाला दारं उघडली तोच त्या दिवशी टेबलावरून उठला. कृत्ये १५ च्या शेवटी दोघांची फाटाफूट मार्कवरून झाली असं दिलंय (हा त्यांचा प्रवासातला सोबती, पंफुल्यातून अर्ध्यातून परत गेला होता) पण मला वाटतं जेवणाचा सलही त्यात होताच.

दुसरी_बाजू:
जुनी_पानं, तुम्ही जरा जास्तच गोड करताय. त्या वादात पेत्राने काय उत्तर दिलं हे पौल लिहितच नाही. पेत्राने ऐकलं असतं तर पौलाने ते नक्की लिहिलं असतं, कारण गलतीकरांना पटवायला त्याहून भारी पुरावा कुठला? म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की अंत्युखियात पौल एकटा पडला. १९व्या शतकात जर्मनीत फर्डिनांड बाऊरने तर पेत्राचा गट विरुद्ध पौलाचा गट यावरच सुरुवातीच्या चर्चचा सगळा इतिहास मांडला. ते टोकाचं आहे हे मान्य, पण ताण होता. रोमकरांस पत्र १५ वाचा, मासेदोनिया आणि अखया इथून यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली मदत घेऊन निघालेला पौल प्रार्थना करायला सांगतोय की तिथल्या लोकांनी ती स्वीकारावी. स्वतःची माणसं मदत घेतील की नाही याचीच धास्ती! आणि कृत्ये २१ मध्ये तो याकोबाला भेटतो तेव्हा ती घेतल्याचा एक शब्द नाही, उलट नवस केलेल्या चौघांचा खर्च तू कर म्हणजे लोकांना तू यहूद्यांचं नियमशास्त्र पाळतोस हे दिसेल असं सांगतात.

शोधक_वाचक:
बापरे, हे माहीतच नव्हतं. मग चर्चने हा उतारा पचवला कसा?

जुनी_पानं:
सहज नाही पचला. जेरोम (चौथ्या-पाचव्या शतकातला बायबलचा पंडित) म्हणायचा की हे भांडण दोघांनी लोकांना शिकवण्यासाठी मुद्दाम वठवलं. त्याच काळातल्या बिशप ऑगस्टिनला ते अजिबात मान्य नव्हतं, पौल पत्रात खोटं लिहितो असं धरलं तर शास्त्रातल्या कुठल्या वाक्यावर विश्वास ठेवायचा? त्या दोघांची यावर कडक पत्रापत्री झाली. मी ऑगस्टिनच्या बाजूने, पेत्र चुकला आणि त्याला तसं सांगितलं गेलं यात लपवण्यासारखं काही नाही.

दुसरी_बाजू, ताण होता हे मी नाकारत नाहीये. पण नातं तुटलं असतं तर १ करिंथ १५ मध्ये पुनरुत्थित येशूला पाहिलेल्यांच्या यादीत पौलाने केफाचं नाव पहिलं घेऊन, याकोबाचं घेऊन, 'मी असो की ते असोत, आम्ही हेच सांगतो' असं लिहिलं असतं का? करिंथात 'मी पौलाचा, मी केफाचा' असे गट पडले तेव्हाही तो केफाविरुद्ध बोलत नाही, गट पाडणाऱ्यांना झापतो.

किनारा२१:
आणि मार्कचं पण सांगते. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या शेवटी पेत्रासोबत दोन नावं येतात, सिल्वान आणि मार्क. सिल्वान म्हणजे सीला, बर्णबाशी फाटल्यावर पौलाने सोबत घेतलेला. ते पत्र पेत्राने स्वतः लिहिलं का यावर वाद आहे, पण फिलेमोनाला लिहिलेलं पत्र पौलाचंच हे जवळपास सगळेच मानतात आणि त्यात तुरुंगातून सलाम पाठवणाऱ्या सहकाऱ्यांमध्ये मार्कचं नाव आहे. म्हणजे ज्याच्यावरून फाटलं त्या मार्कशी तरी पौलाचं नंतर जमलं.