व्यापार करारात काय कबूल केलं हे सहीच्या आधी खासदारांना का दाखवत नाहीत?

दूधवाला_नगर:
आरसेप, म्हणजे आसियान देश, चीन, जपान, न्यूझीलंड वगैरेंचा मोठा व्यापार करार, आठवतंय का कुणाला? 2012 पासून 2019 पर्यंत बोलणी चालली, न्यूझीलंडची दूध पावडर स्वस्तात आली तर दुधाच्या दराचं काय होणार म्हणून आमच्याकडचे सगळे धास्तावलेले, पण ड्युटी किती वर्षांत किती कमी करणार तो मसुदा काही बघायला मिळाला नाही, जे कळलं ते पेपरातल्या 'सूत्रांकडून'. शेवटी 4 नोव्हेंबर 2019 ला बँकॉकमध्ये मोदींनी नाही म्हटलं म्हणून वाचलो. हो म्हटलं असतं तर संसदेत मतदान झालं असतं का?

कलम_वाचक:
करारावर? नाही. सही करणं सरकारच्या हातात, त्याआधी संसदेची मंजुरी घ्या असं घटनेत कुठेच नाही. 253 कलमाने करार अमलात आणायला कायदा करायचा अधिकार संसदेला दिलाय, विषय राज्यांच्या यादीतला असला तरी. मेख अशी की आयात शुल्क उतरवायला बहुतेक वेळा नवा कायदा लागतच नाही, कस्टम्स कायद्याच्या 25 व्या कलमाखाली नोटिफिकेशन निघतं, मग ते सभागृहाच्या पटलावर ठेवतात, झालं. शेती राज्यांचा विषय, पण राज्याला विचारायचंही बंधन नाही.

सडेतोड:
पण सगळं उघड्यावर ठेवून वाटाघाटी होत नसतात हो. दुधावर आपण कुठपर्यंत मागे सरकू शकतो हे समोरच्याला कळलं की तो तिथूनच सुरुवात करणार. नुकसान शेवटी शेतकऱ्याचंच.

ब्रुसेल्सकर:
@सडेतोड, शेवटची मर्यादा गुप्त राहू दे, त्याला कुणाचीच ना नाही. पण काय मागायला चाललोय आणि कशाला हात लावू देणार नाही हे तरी सांगा की. इकडे युरोपात 2009 मध्ये लिस्बन करार (युरोपियन युनियनचा कारभार कसा चालवायचा ते ठरवणारा) लागू झाल्यापासून व्यापार कराराला युरोपीय संसदेची संमती लागते आणि बोलणी चालू असताना प्रत्येक टप्प्यावर तिला माहिती द्यावी लागते. अमेरिकेबरोबरच्या टीटीआयपी या व्यापार कराराच्या वेळी आधी सगळं बंदच होतं, लोकांनी बोंब ठोकली तेव्हा ऑक्टोबर 2014 मध्ये वाटाघाटीचा मँडेट, म्हणजे काय मागायचं याच्या सूचना, जाहीर केला, 2015 पासून आपल्या बाजूचे प्रस्ताव वेबसाइटवर टाकले, आणि नाजूक कागद खासदारांनी रीडिंग रूममध्ये बसून वाचायचे, फोन बाहेर ठेवून. तो करार झाला नाही ती गोष्ट वेगळी. आणि संसदेचा हा अधिकार नुसता कागदावर नाहीये, 4 जुलै 2012 ला अॅक्टा हा बनावट मालाविरुद्धचा करार त्यांनी 478 विरुद्ध 39 मतांनी फेटाळला, तोही युरोपियन युनियनने सही केल्यावर.

औषधाचं_दुकान:
आपल्याकडचंच उदाहरण देतो. 1994 ला मराकेशमध्ये डब्ल्यूटीओच्या (जागतिक व्यापार संघटनेच्या) करारावर सही झाली, मग पेटंट कायदा बदलायचं बिल 1995 ला राज्यसभेत अडकलं, तर अमेरिका डब्ल्यूटीओत गेली आणि आपण केस हरलो. म्हणजे सहीनंतर अडवून काही हाती लागत नाही. पण 2005 ची दुरुस्ती बघा, सरकार डाव्यांच्या पाठिंब्यावर, त्यांनी रेटा लावला म्हणून 3(डी) कलम कडक झालं, जुन्याच औषधात किरकोळ फेरफार करून नवं पेटंट मागायची सोय बंद. याच कलमावर 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने नोव्हार्टिसला ग्लिव्हेकचं पेटंट नाकारलं, रक्ताच्या कॅन्सरवरचं औषध आहे ते, जेनेरिक मिळतंय म्हणून किती घरं तगली. खासदारांनी जिथे बारकाईने वाचलं तिथे फायदा झालाय, एवढंच म्हणायचंय.

दूधवाला_नगर:
मग संसदेच्या वाणिज्य खात्याच्या स्थायी समितीला सहीच्या आधी मसुदा दाखवा एवढी तरी मागणी करता येईल ना? दोन्ही सभागृहांचे मिळून 31 खासदार, सगळ्या पक्षांचे, बैठका तशाही बंद दाराआड होतात, त्यामुळे फुटण्याची भीतीही कमी. आमच्या खासदारांना लेखी निवेदन देणार आहे, @कलम_वाचक तुम्ही कायद्याची भाषा तपासून द्याल का?