‘एका अर्जात १५० देशांचं पेटंट’ असं सांगणाऱ्यांना

भोसरीवाला (धागाकर्ता)
आमच्या उद्योजकांच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय. ‘भारतीय पेटंट म्हणजे भिंतीवर लावायचा कागद. हुशार माणूस थेट अमेरिकेत अर्ज करतो. किंवा एकच आंतरराष्ट्रीय अर्ज टाका, १५० देशांत पेटंट तुमचं!’ खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथे विरोधात लिहिलं की ॲडमिन चिडतो, म्हणून इथे लिहितोय.

जागतिक पेटंट नावाची चीजच नाही. पोस्टमधला तो ‘आंतरराष्ट्रीय अर्ज’ म्हणजे पीसीटी. तो पेटंट देत नाही, सवड देतो. इथल्या पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांत पीसीटी करायचा आणि त्याच पहिल्या तारखेपासून बहुतेक ठिकाणी ३० महिन्यांत, युरोपात ३१, हव्या त्या प्रत्येक देशात वेगळा अर्ज. वेगळी फी, वेगळा वकील, जपान-चीनसाठी भाषांतर. तपासणार तो देश, नाकारणारही तोच.

आणि थेट अमेरिका? आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३९ वाचा. भारतात राहणाऱ्याने आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं, नाहीतर फॉर्म २५ भरून परवानगी घ्यायची. यातलं काही न करता गेलात तर इथला अर्ज सोडून दिल्यात जमा, वर कलम ११८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोस्टवाल्या साहेबांनी एवढं सोयीस्कर गाळलंय.

उसाचे डोळे काढायच्या आमच्या यंत्राचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज मी स्वतः ऑनलाइन भरला. १६०० रुपये. तारीख पदरात पडली आणि पूर्ण तपशील द्यायला वर्ष मिळालं.

मिलपिटासकर
ती पोस्ट उथळ आहे, पण मुद्दा बरोबर आहे. जिथे गिऱ्हाईक तिथे पेटंट. मी इथे अमेरिकेत थेट अर्ज केला, तुमच्या कलम ३९ बद्दल कुणी हू का चू केलं नाही. शिवाय शोध स्वतः जाहीर केला तरी अमेरिकेत अर्ज करायला वर्षभर मिळतं. तुमच्याकडे यूट्यूबवर व्हिडिओ टाकला की खेळ खलास.

भोसरीवाला
साहेब, कलम ३९ भारतात राहणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही राहता मिलपिटासला. तुम्हाला कोण विचारणार? आणि त्या वर्षभराच्या भरवशावर व्हिडिओ टाकलात तर अमेरिका वाचेल, पण युरोप गेला.

नियमांचा किडा
धागाकर्त्याचं बरंचसं बरोबर. फॉर्म २५ वर साधारण २१ दिवसांत उत्तर येतं. पीसीटीच्या आंतरराष्ट्रीय फीत भारतातल्या व्यक्तीला ९० टक्के सूट आहे, आणि सर्चसाठी, म्हणजे असा शोध आधी झालाय का ते तपासायला, २०१३ पासून आपलंच पेटंट ऑफिस निवडता येतं. म्हणजे पीसीटी महाग नाही, त्यापुढचे देश महाग.

पण ‘स्वतः भरला’ ही फुशारकी नको. तारीख मिळते ती जेवढं लिहिलंय तेवढ्याचीच. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. प्रोव्हिजनलमध्ये एकच स्थिर पातं लिहिलेलं, बाजारात आणलं दोन फिरत्या पात्यांचं यंत्र. आधीची तारीख दोन पात्यांना लागू कशी होणार?

भोसरीवाला
म्हणजे थोडक्यात, तुमच्यासारख्या पेटंट एजंटची फी भरा.

नियमांचा किडा
भरू नका. नंतर भेटूच.

पाचट
तुम्ही तारखा मोजत बसा. आमच्या भागात नवं अवजार आलं की पुढच्या हंगामात तीन वर्कशॉपवाले तेच विकतात. जिल्हा न्यायालयात दावा लावून उभा कोण राहणार? जर्मनीत, चीनमध्ये छोट्या सुधारणांसाठी युटिलिटी मॉडेल नावाचं छोटं पेटंट असतं. आपल्याकडे तेही नाही.

नियमांचा किडा
दावा पेटंट मंजूर झाल्यावरच लावता येतो, पण नुकसानभरपाई अर्ज प्रसिद्ध झाल्यापासूनची मागता येते. युटिलिटी मॉडेलबद्दल मात्र तुमचं म्हणणं मान्य.

त्रस्त मास्तर
अवांतर आहे, पण ‘प्रसिद्ध’ शब्द वाचला आणि राहवलं नाही. आमच्या कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागलाय, ‘पेटंट प्राप्त झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. प्राप्त काय झालं? एरवी १८ महिन्यांनी प्रसिद्ध होणारा अर्ज फॉर्म ९ भरून महिनाभरात शुक्रवारच्या जर्नलमध्ये आणला. परीक्षणासाठी फॉर्म १८ भरलाच नाही. भरणारही नाहीत, कारण बढतीचे गुण मिळून गेले. २०२१ मध्ये शिक्षणसंस्थांना फीत ८० टक्के सूट मिळाली आणि ऊत आला. एका अर्जावर आठ शोधक, त्यातल्या निम्म्यांना शोध काय ते सांगता येत नाही. व्हॉट्सॲपवर नावाची जागा विकत मिळते!

सहयोगी
मास्तर, बढतीचे नियम आम्ही केले का? दिवसभर तास, संध्याकाळी नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली, आणि वर विचारतात पेटंट किती. माझ्या विद्यार्थ्यांनी ठिबकच्या गाळणीवर खरं काम केलं, परीक्षण मागितलं, आक्षेपांना उत्तरं दिली. स्टाफरूममध्ये शेरा काय, ‘कितीला घेतलं?’ तुमच्यासारख्यांमुळे हे ऐकावं लागतं.

त्रस्त मास्तर
माझ्यामुळे? विकत घेणाऱ्यांमुळे. पूर्वी ऑस्ट्रेलियाचं इनोव्हेशन पेटंट आणायचे, ते परीक्षणाशिवाय मिळायचं. त्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये नवे अर्ज बंद केले. आता ब्रिटनमध्ये डिझाइन नोंदवतात आणि फ्लेक्सवर छापतात ‘इंटरनॅशनल पेटंट’. डिझाइन म्हणजे फक्त दिसणं हो! आत यंत्र चालतं की नाही कुणी बघत नाही. विचारलं तर ‘तुम्ही जळता’.

सहयोगी
जळताच थोडे. फ्लेक्स लावू नये, एवढं मान्य.

मिलपिटासकर
आणि मी भारतीय पेटंटला कागद म्हटलं तर राग येतो.

सहयोगी
मंजूर पेटंट आणि प्रसिद्ध अर्ज यातला फरक वर वाचूनही कळला नसेल, तर तिथलेच अर्ज भरत बसा.

भोसरीवाला
अहो, धागा माझा आहे. फ्लेक्ससाठी वेगळा काढा.

पाचट
कामाचं विचारतो. आम्ही उसाच्या पाचटाची कुट्टी करायचं अवजार केलंय. गेल्या हिवाळ्यात कृषी प्रदर्शनात मांडलं, लोकांनी फोटो काढले. अर्ज केलेला नाही. आता?

नियमांचा किडा
ते प्रदर्शन केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेलं होतं का? असेल तर १२ महिन्यांची सवलत. बहुतेक प्रदर्शनं नसतात. नसेल आणि आतली रचना लोकांना दिसली असेल, तर भारतात नवीनता गेली म्हणून समजा. झाकण बंद असेल तर बोलू.

पाचट
झाकण उघडून दाखवल्याशिवाय कोण घेतो अवजार?

मिलपिटासकर
वर्ष झालं नसेल तर अमेरिकेत अजून चालेल. मघापासून हेच सांगतोय.

भोसरीवाला
फॉर्म २५ भरून चालेल. पण पाचट कुट्टी तिथे घेणार कोण? हॉलिवूडवाले?

मिलपिटासकर
फ्लोरिडा आणि लुइझियानात ऊस होतो. भरपूर.

भोसरीवाला
बरं. एवढं एक तुमचं खरं.