कमरेला किल्ली बांधली की गुलाम

कुणीकुणी म्हणतात की मध्ययुगीन रशियात शेतकरी म्हणजे गुलामच. अकराव्या-बाराव्या शतकातल्या कीवच्या राज्याबद्दल तरी हे पटत नाही. शेतकऱ्याला मालकाच्या जमिनीशी बांधून ठेवणारी, १८६१ साली रद्द झालेली भूदास पद्धत बरीच नंतरची.

'रूस्काया प्रावदा' या तिथल्या कायदेसंग्रहात 'स्मेर्द' म्हणजे शेतकरी आणि 'खोलोप' म्हणजे गुलाम, असे शब्दच वेगळे आहेत. स्मेर्दला स्वतःचं घरदार, गुरंढोरं असत. मात्र मुलगा नसेल तर मालमत्ता राजाकडे जाई. तो नक्की किती स्वतंत्र होता, यावर इतिहासकारांचं अजून जुंपतं.

या दोघांच्या मधला 'झाकूप' मला जास्त रंजक वाटतो. उचल घेऊन मालकाकडे राबणारा, आपल्याकडच्या सालगड्याची आठवण यावी असा. पळाला तर कायमचा गुलाम. पण मालकाविरुद्ध दाद मागायला उघडपणे राजाकडे गेला, तर त्याला गुलाम करता येत नसे. १११३ मध्ये कीवमध्ये दंगल उसळली, त्यानंतर तिथला राजा व्लादिमीर मोनोमाख याने कर्जाच्या व्याजावरही बंधनं घातली.

याशिवाय पूर्ण गुलाम होण्याच्या वाटा कायद्यात तीन. साक्षीदारांसमोर विक्री, अगदी अर्ध्या ग्रिव्नाला (तिथलं तेव्हाचं चलन) सुद्धा. करार न करता दासीशी लग्न. आणि तिसरी भन्नाट: करार न करता कुणाचा कारभारी होणं, किंवा कोठाराची किल्ली स्वतःला बांधून घेणं! म्हणजे नोकरी धरताना अटी ठरवायच्या राहिल्या, तर माणूसच मालकाचा.