गवती चहा आणि सोन्याचे त्रिकोण

"वनस्पतींचे अर्क सोन्याचं क्षपण करतात (म्हणजे विरघळलेल्या सोन्याच्या क्षारातून धातूरूप सोनं बनवतात) एवढंच, तयार होणाऱ्या नॅनोकणांच्या आकाराशी त्यांचा संबंध नाही" हे मत मला निम्मंच पटतं. हरित संश्लेषणाच्या (घातक रसायनांऐवजी वनस्पतींसारखे सौम्य स्रोत वापरून कण बनवण्याच्या) नावाखाली येणाऱ्या बऱ्याच कामात गोल कण मिळतात आणि तिथे गोष्ट संपते, हे खरं. पण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतलं मुरली शास्त्री यांच्या गटाचं काम या मतात सुटून जातं. 2004 मध्ये 'नेचर मटेरियल्स'मध्ये त्यांनी दाखवलं की गवती चहाच्या जातीतल्या पातीचा अर्क क्लोरोऑरेटच्या (सोन्याच्या एका क्षाराच्या) द्रावणात मिसळला की साध्या तापमानाला सोन्याचे पातळ, सपाट त्रिकोण मोठ्या प्रमाणात तयार होतात. अर्कातली आल्डिहाइड-कीटोन संयुगं आधी बनलेल्या गोल कणांच्या पृष्ठभागाला चिकटतात, त्यामुळे ते कण जवळजवळ द्रवासारखे वागतात आणि एकमेकांत मिसळून त्रिकोण होतात, असं त्यांचं स्पष्टीकरण. पुढे त्यांनी अर्काचं प्रमाण बदलून त्रिकोणांची बाजू लहानमोठी करता येते हेही दाखवलं. बाजूप्रमाणे अवरक्त प्रकाशाचं शोषण बदलतं, म्हणून याला व्यावहारिक अर्थ आहे.

अर्क हे मिश्रण असल्याने श्रेय नेमकं कुठल्या रेणूला द्यायचं, ही अडचण मात्र राहतेच. त्यासाठी मला फेरिटिन, म्हणजे शरीरात लोह साठवणारं प्रथिन, जास्त भरवशाचं उदाहरण वाटतं. 24 उपएककांचा (जोडलेल्या प्रथिन-साखळ्यांचा) हा पोकळ पिंजरा आतून सुमारे 8 नॅनोमीटरचा. रसायनशास्त्रज्ञ स्टीफन मान यांच्या गटाने 1991 मध्येच त्यात लोह सल्फाइड आणि मँगॅनीज ऑक्साइड घडवलं होतं. तिथे कण किती वाढणार हे पिंजऱ्याची पोकळीच ठरवते.