१८८२ चं इजिप्त मेडल सापडलंय, खलाशाची माहिती कशी काढायची?

बंदरावरची:
नमस्कार मंडळी, आम्ही चार वर्षं झाली पोर्ट्समथला राहतोय. शेजारचे आजोबा गेले, त्यांचं घर रिकामं करताना त्यांच्या मुलीने मला एक पत्र्याचा डबा दिला, तुला जुन्या वस्तू आवडतात ना घे म्हणाली, त्यात बटणं, गंजक्या चाव्या आणि तळाशी एक चांदीचं मेडल! एका बाजूला व्हिक्टोरिया राणी, दुसरीकडे स्फिंक्स, वर इजिप्त, खाली १८८२. रिबीन निळी-पांढरी, त्यावर आडवी पट्टी 'अलेक्झांड्रिया ११ जुलै'. कडेवर बारीक अक्षरांत एक नाव, पुढे ए. बी., पुढे एच. एम. एस. इन्व्हिन्सिबल. सोबत पाच टोकांची काळपट चांदणी आहे पण तिच्यावर नाव नाही. हे आडनाव त्यांच्या घरात कुणाचंच नाही म्हणे. प्रश्न तीन. माहिती कुठे मिळेल, मेडल घासून चमकवू का (राणीच्या गालावर बारीक खड्डे पडलेत), आणि एकजण सगळा इतिहास काढून देतो म्हणून बरेच पाउंड मागतोय, द्यावेत का?

जुनं_नाणं:
आधी हात मागे घ्या ताई, घासू नका!! देवाची निरांजनं घासतो तशी रांगोळी लावून माझ्या मामाने एक मेडल लखलखीत केलं होतं, कडेवरचं नाव निम्मं गेलं आणि किंमतही गेली. मऊ कोरड्या कापडाने पुसा, बास. आणि ते खड्डे म्हणजे खराबी नाही, उलट चांगली खूण आहे. ही चांदणी म्हणजे खेदिवचा स्टार, इजिप्तच्या खेदिवने (म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याने) दिलेला, ब्राँझचा. दोन्ही छातीवर शेजारी शेजारी लावायचे, चालताना स्टारची टोकं मेडलवर आपटायची आणि राणीच्या तोंडावर देवीचे व्रण उठायचे. म्हणजे कुणीतरी ते खरंच वापरलंय. स्टारवर नाव घालायचेच नाहीत, त्यामुळे हाच स्टार याच माणसाचा असं छातीठोक सांगता येणार नाही.

खारा_वारा:
ए. बी. म्हणजे एबल सीमन, शिकाऊ नाही, कामात मुरलेला खलाशी. आणि इन्व्हिन्सिबल असेल तर मज्जा आहे तुमची. ११ जुलै १८८२ ला सकाळी सात वाजता अलेक्झांड्रियाच्या किल्ल्यांवर तोफा सुरू झाल्या, अरबी पाशा या इजिप्तच्या बंडखोर लष्करी अधिकाऱ्याचे लोक किल्ले मजबूत करत होते हे कारण. ब्रिटिश आरमाराची आठ चिलखती जहाजं आणि पाच छोट्या गनबोटी. अ‍ॅडमिरल सीमोरचं निशाण एरवी अलेक्झांड्रा जहाजावर असायचं, पण ते जास्त खोल पाण्याचं, म्हणून त्या दिवशी तो इन्व्हिन्सिबलवर आला. म्हणजे तुमच्या खलाशाने साहेबाला डेकवर बघितलं असणार.

बंदरावरची:
अरे बाप रे! काटा आला अंगावर.

वडाची_पारंबी:
काटा येऊ द्या, पण त्यानंतर शहराचा बराच भाग जळाला हेही लक्षात असू द्या. बाकी धागा मस्त, वाखुसा (वाचनखूण साठवली).

क्यूवाला:
पैसे देऊ नका, निदान आत्ता तरी. मी लंडनला असतो आणि क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये माझे बरेच शनिवार गेलेत. दोन ठिकाणं बघा. एक, मेडल रोल, एडीएम १७१ (एडीएम म्हणजे तिथल्या आरमारी कागदांचा विभाग), यात जहाजवार नावं आहेत आणि कुणाला कुठली पट्टी दिली तेही, म्हणजे पट्टी मागाहून कुणी चिकटवलीय का ते लगेच कळतं. दुसरं, खलाशांच्या नोकरीचं रजिस्टर, एडीएम १८८, ते १८७३ पासूनचं. त्याआधी भरती झालेला असेल तर एडीएम १३९ पण चाळा. कॅटलॉग ऑनलाइन आहे, नाव शोधणं फुकट. गोची एकच, या मेडलवर आरमारवाल्यांचा नंबर नसतो, त्यामुळे एकाच नावाचे दहा जण निघतात आणि घाईत भलत्याचाच बाप आपला होतो. म्हणून जन्मगावावर भुलू नका, रजिस्टरमधली जहाजांची यादी बघा, जुलै १८८२ ला इन्व्हिन्सिबल असेल तोच तुमचा. 'रन' दिसलं तर पळून गेला, 'डी. डी.' दिसलं तर नोकरीत असताना वारला.

जुनं_नाणं:
+१. आणि कडा भिंगाखाली बघा. आरमाराची नावं उभ्या ठशांनी उमटवलेली असतात, लष्कराची तिरकी कोरलेली. जुनं नाव कानशीने घासून नवीन घातलेली मेडलं बाजारात फिरतात, त्यांचा व्यास ३६ मिलिमीटरला जरा कमी भरतो. व्हर्निअर असेल तर चारपाच ठिकाणी मोजा.

बंदरावरची:
अपडेट! नवऱ्याच्या टूलबॉक्समधल्या व्हर्निअरने मोजलं, सगळीकडे ३६. अक्षरं उभी. रोलमध्ये नाव मिळालं, पट्टीही. रजिस्टरमध्ये त्या नावाचे तिघं होते, पहिला तर इथलाच, पोर्ट्समथचा, मी खूश, पण १८८२ ला तो भलत्याच जहाजावर. तिसऱ्याच्या यादीत इन्व्हिन्सिबल आहे, डेव्हनचा निघाला. उंची पाच फूट चार, डोळे करडे, खुणांच्या रकान्यात उजव्या हातावर नांगर गोंदलेला. वागणूक सगळीकडे 'व्हेरी गुड', मधे एकदा सात दिवस कोठडी, कशाबद्दल ते लिहिलेलं नाही.

खारा_वारा:
सात दिवस म्हणजे बंदरावरून उशिरा परतला असणार, किंवा पिऊन परतला असणार. त्या काळात दोन्ही एकदमच व्हायचं.